पातळ रक्ताचे दिवस

नगरच्या ज्या लॅबमध्ये मी दर महिन्याला रक्त द्यायला जाते, तिथे मागच्या खेपेला बाकावर माझ्याशेजारी पारनेरकडची एक बाई बसली होती. माझ्यासारखीच, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. बोलता बोलता तिने पिशवीतून कंबरदुखीची गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. मी विचारलं, "डॉक्टरांना माहीत आहे का ही गोळी?" ती हसली. "त्यांना काय सांगायचं? ते काळजाचे डॉक्टर हायेत. ही कमरेची गोळी हाय."

दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. तिला मी माझी हकीकत सांगायला लागले, तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती आत गेली. तिला सांगायची राहिली ती इथे लिहिते आहे.

आधीचं थोडं

माझं नाव लता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा सुप्याहून आत, पारनेरच्या बाजूला, आणि आम्ही राहायला सुप्यात. माझे पती भास्कर तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर आहेत. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. पण इथे सगळीकडे 'हे' आणि 'यांनी' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नावच लिहिते. एक मुलगी, सुजाता. तेव्हा सातवीत होती.

लहानपणी मला सांधेज्वर झाला होता. तो बरा झाला, पण जाताना हृदयाची एक झडप निकामी करून गेला. सत्ताविसाव्या वर्षी पुण्याला ऑपरेशन झालं आणि धातूची झडप बसवली. खोलीत शांतता असली की तिचा टिकटिक आवाज बाहेर ऐकू येतो. या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि ते किती पातळ झालंय हे तपासत राहावं लागतं. त्या तपासणीला आम्ही घरात 'पीटी' म्हणतो. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर झडप अडकायची भीती, वर गेला तर शरीरात कुठेतरी रक्त वाहायला लागायची. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "कुठलीही नवी गोळी, काढा, काहीही सुरू करायच्या आधी विचारायचं." आठ वर्षं मी विचारत आले. नवव्या वर्षी नाही विचारलं.

त्या उन्हाळ्यात माझे गुडघे धरले. एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर चाल, मग दिवसभर वर्गात उभं. औषधाच्या दुकानात मागितल्या तशा गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत मी भराभर चालायला लागले. संपल्या की पुन्हा आणायच्या, असं सुरू झालं. त्याच सुमारास पीटी चुकली. एकदा शाळेची तपासणी आली, एकदा भास्करांची पाळी बदलली. ते एकदा म्हणाले होते, "दर महिन्याला नगर! आकडा तर तोच येतो. रक्त काढून काढूनच आजारी पडशील तू." थट्टेत म्हणाले होते. मला ते सोयीचं वाटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "जाऊन आलीस का?" मी म्हणाले, "हो. बरोबर आहे." त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच उत्तर दिलं.

दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. दंडावर निळे डाग उठायचे. मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायला लागले. खोटं बोलायला वेळ लागत नाही, ते सांभाळायलाच सगळा वेळ जातो.

हजेरी

पावसाळ्यात माझी आई काष्टीहून राहायला आली. माझं लंगडणं बघून ती रोज सकाळी गुळवेल आणि सुंठीचा काढा करून द्यायची. मी तिचा काढाही घ्यायची आणि माझी गोळीही.

पंधराएक दिवसांनी, एका सोमवारी, मी तिसरीच्या वर्गात हजेरी घेत होते. नऊ-दहा नावं झाली. पुढचं नाव दिसत होतं, पण ते काय आहे ते कळेना. अक्षरं अक्षरांसारखी वाटेनात. पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, पुढचं." मला म्हणायचं होतं, 'थांब जरा.' तोंडातून निघालं, "उद्या." मुलं हसली. त्यांना वाटलं, उरलेली हजेरी बाई उद्या घेणार. मी पुन्हा म्हणाले, "उद्या, उद्या." हातातलं पेन खाली पडलं आणि उजवा हात ते उचलायला गेलाच नाही. मग डोक्यात डाव्या बाजूला कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं.

मुख्याध्यापक गुरुजी धावत आले. ज्वारीची पोती घेऊन नगरला निघालेला एक टेम्पो त्यांनी रस्त्यात आडवे उभे राहून थांबवला. पोत्यांवर मला आडवं केलं. शेजारच्या वर्गाच्या बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सारखं म्हणत होत्या, "लताबाई, बोला. काहीतरी बोला." माझ्याजवळ एकच शब्द होता आणि तो उपयोगाचा नव्हता.

माझ्यासमोर, माझ्याविषयी

हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. उजवा हात आणि पाय गेल्यात जमा होते, आणि वाचा गेली होती. रक्ताचा आकडा नऊच्या पुढे. रक्त पुन्हा गोठावं म्हणून इंजेक्शन दिलं, प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या, आणि माझी आठ वर्षांची रोजची गोळी बंद केली.

मला ऐकू येत होतं. सगळं नाही, पण बरंच समजतही होतं. हे कुणाला माहीत नव्हतं. तोंडातून एकच शब्द येणाऱ्या माणसाला ऐकू येत असेल असं लोकांना वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभे राहून भास्करांना विचारत होते. "गोळी जास्त दिली गेली का?"

"न्हाई साहेब. रोज एकच."

"शेवटची पीटी कधी केली?"

"मागच्या महिन्यात. बरोबर हुती."

"रिपोर्ट?"

"तिच्याकडं असंल."

"दुसरं काही औषध? जडीबुटी, काढा?"

भास्कर माझ्या पायाशी उभ्या असलेल्या आईकडे वळले. "मामी, तुमी तो काढा देत हुता ना?"

"गुळवेल आन् सुंठ," आई म्हणाली. "गावात समदी पित्यात."

"समदी पित्यात! समद्यांच्या छातीत झडप हाय का? शिकलेली बाई ती, ती सुदिक विचारल्याबिगर काय घेत न्हाई. आन् तुमी—" एवढं बोलून ते थांबले. पण जे व्हायचं ते झालंच होतं. पलीकडच्या खाटेवरचे लोकही बघायला लागले.

मी ओरडले, "उद्या!"

भास्कर माझ्यावर वाकले. "उद्या घरी जायचंय? जाऊ हां. जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्या कपाळावरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि काष्टीची गाडी धरली. मी तिला जाताना बघितलं. डावा हात उचलला. तिला वाटलं असेल, मी निरोप देते आहे.

छत

वॉर्डात पहाटे साडेपाचला फिनेलचा वास यायचा. सहाला दोघीजणी मला कुशीवर वळवून चादर बदलायच्या. मग ताप, रक्तदाब, नळीतून दूध. नऊला डॉक्टर. चारला पहिली पाळी संपवून भास्कर. मधल्या वेळात छत. त्यावर ओल येऊन पडलेला एक पिवळा डाग होता. त्याच्या कडांवरून माझी नजर इतक्यांदा फिरली की आजही तो डाग मी डोळे मिटून काढून दाखवीन.

स्वतःच्या अंगात कोंडलं जाणं म्हणजे काय, हे सांगणं अवघड आहे. पाठीला खाज सुटली तर ती सुटू देत पडायचं. तहान लागली तर कुणीतरी आपणहून विचारेपर्यंत थांबायचं. आया बेडपॅन घेऊन यायची तेव्हा मला पाणी हवं असायचं. एका दुपारी रडू आलं, तर सिस्टर म्हणाली, "डोळ्यात काही गेलं वाटतं," आणि तिने ओल्या कापसाने डोळे पुसले.

दुपारी वॉर्ड निजला की मी झडपेचा आवाज ऐकत पडायची. गोळी बंद होती. झडपेवर गुठळी धरली तर हा आवाज मंद होतो, हे मला पुण्याला सांगितलं होतं. ऐकता ऐकता वाटायचं, मंद झाला. मग वाटायचं, नाही, आहे तसाच आहे. कान तिकडून काढून ठेवायला दुसरी जागा नव्हती.

पाचव्या दिवशी डॉक्टर आणखी एका डॉक्टरांना घेऊन आले. दोघे माझ्या पायाशी उभे राहिले. दुसरे म्हणाले, "गोळी किती दिवस बंद ठेवणार? झडप अडकली तर बाई हातची जाईल."

"आणि सुरू केल्यावर डोक्यात पुन्हा रक्त आलं तर?" आमचे डॉक्टर म्हणाले. "आठ वर्षं त्याच डोसवर आकडा नीट होता. मग एकदम नऊच्या पुढे गेला कसा? एवढ्याशा काढ्यावर मला सगळं ढकलवत नाही. कारण कळल्याशिवाय गोळीला हात लावायचं धाडस होत नाही माझं."

कारण माझ्या करड्या पर्समध्ये होतं. पर्स सुप्याला, घरात दाराच्या मागे खिळ्याला. मुख्याध्यापकांनी ती शाळेतून आणून दिली होती, सुजाताने तिथे अडकवली होती, हे भास्करांच्या बोलण्यात ऐकलं होतं. माझा जीव ज्या एका उत्तरावर अडला होता ते जगात एकट्या मला माहीत होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आणि मला सांगता येत नव्हतं.

कमलमावशी

चार वाजता भास्कर आले तेव्हा मी डाव्या हाताने सगळं करून पाहिलं; लिहायला अक्षरंच आठवत नव्हती. खांद्याला पट्टा अडकवल्याची खूण केली, तर त्यांनी उशी सरकवली. गुडघ्यावर हात मारला, तर ते पाय चेपायला बसले. मी त्यांचा हात झिडकारला. "चिडू नको गं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा आठ दिवस न झोपल्यासारखा झाला होता. मीच त्यांच्यावर हे आणलं होतं आणि मीच त्यांच्यावर चिडत होते.

हे सगळं तिथली एक आया बघत होती. कमलमावशी. पन्नाशीची, पायात रबरी चपला, आवाज मोठा. ती भास्करांना म्हणाली, "दादा, तुमी बसा गप. ती काय येडी न्हाई झाली. तिला सांगायचंय कायतरी." मग माझ्याकडे वळली. "बाई, माझं बोलनं कळतंय? कळत आसंल तर डोळं मिटा."

मी डोळे मिटले.

"बगा! आता मी इचारते. बरोबर आसंल तर मिटायचं, न्हाई तर उघडं ठेवायचं. दुखतंय?" उघडे. "मानूस पायजे?" मी घुटमळले, आई हवीच होती, पण आधी हे. उघडे ठेवले. "वस्तू पायजे?" मिटले. "घरची?" मिटले. "कापडं? चश्मा? कागद?" उघडे, उघडे, उघडे. "पर्स?"

मी डोळे इतके घट्ट मिटले की कानशिलं दुखली.

दुसऱ्या दिवशी भास्करांनी पर्स आणली आणि माझ्या चादरीवर उलटी केली. एसटीचा पास, खडूचे तुकडे, रुमाल, सुट्टे पैसे. एक संपलेलं गोळ्यांचं पाकीट आणि एक अर्धं. मी डावा हात त्यावर ठेवला.

त्यांनी ते उचलून वाचलं. "हे काय? गुडघ्याचं?"

मी डोळे मिटले.

"किती दिवस?" मी तीन बोटं दाखवली. "तीन दिवस?" उघडे. "तीन महिने?" मिटले.

ते पर्सचे कप्पे चाचपत राहिले. "आन् पीटीचे रिपोर्ट? ते कुठं हायेत?" मी रिकामा तळवा वर केला. "म्हंजी? काढलंच न्हाई रक्त?"

मी डोळे मिटले, आणि तसेच मिटून ठेवले. त्यांचा चेहरा बघायचं बळ नव्हतं.

पावलं लांब गेली. मला वाटलं, हे आता परत येणार नाहीत. थोड्या वेळाने ते आले ते डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "या गोळ्यांनी तुमच्या रोजच्या गोळीचा जोर कितीतरी वाढतो," ते म्हणाले. "रक्तदाबही वाढतो. वर तीन महिने तपासणी नाही. आलं लक्षात." आणि मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पायाकडून उशाकडे आले, स्टूल ओढून बसले आणि माझ्या डोळ्यांकडे बघून बोलले. "बाई, तुम्हाला सगळं ऐकू येतंय हे मला आज कळलं. माफ करा. आता तुम्हालाच विचारतो. मेंदूतलं रक्त वाढलेलं नाही ना, हे परत स्कॅन करून बघू. मग थोड्या मात्रेत गोळी सुरू करू. धोका दोन्हीकडे आहे. चालेल?"

मी डोळे मिटले.

पुन्हा गोळी

अकराव्या दिवशी गोळी सुरू झाली. पहिल्या गोळीला माझे ओठ उघडेनात. जिने मला इथे आणलं तीच पुन्हा गिळायची, आणि ती गिळल्याशिवाय जगताही येत नाही. सिस्टर चमचा धरून थांबली होती. शेवटी उघडले.

मग रोज रक्त. हाताच्या शिरा संपल्या तशा पायाच्या शोधल्या. सकाळी रिपोर्ट यायचा. दीडच्या खाली, मग दोन, मग सव्वादोन. जरा डोकं दुखलं की वाटायचं, आलं. आवाज मंद वाटला की वाटायचं, हे दुसरं आलं. भास्कर आकडे एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवत. एके दिवशी लिहिता लिहिता म्हणाले, "मी म्हणालो हुतो ना, रक्त काढून काढून आजारी पडशील. त्ये तू मनावर घेतलंस का?"

खरं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं होतं. त्यासाठी आमच्याकडे खूण नव्हती. मी त्यांचा हात धरला. ते रडले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रविवारी ते काष्टीला गेले. सुजाता बरोबर होती, तिने मला नंतर सांगितलं. ते ओट्याखालीच उभे राहिले आणि म्हणाले, "मामी, चूक माझी झाली. काढ्यानं कायबी झालं न्हवतं." आई म्हणाली, "आसू द्या जावईबापू. च्या घ्या." आणि त्याच दिवशी त्यांच्याबरोबर नगरला आली.

घरी

महिन्याने घरी आले. सकाळी आई बुद्धवंदना म्हणते, तशी ती माझ्या खाटेशी बसून म्हणायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रिसरणाच्या ओळीवर माझं तोंड तिच्याबरोबर हललं. अख्खी ओळ निघाली, न अडखळता. आई थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जरा मोठ्याने. मला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण पंचशील पूर्ण म्हणता येत होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, पाठ केलेलं वेगळ्या वाटेने येतं, त्याच वाटेने बाकीचं आणा. मग पाढे आले, महिने आले, वार आले. वारांमधून 'सोमवार' सुटा झाला. पहिलं पूर्ण वाक्य यायला दिवाळी उजाडली.

आज मी बोलते, पण घाईत शब्द अडतात. उजव्या हाताने सही होते, फळ्यावर लिहिणं होत नाही. मुलं लिहितात आणि मी बसून सांगते. पीटी एकदाही चुकलेली नाही. प्रत्येक औषधाचं पाकीट मी डॉक्टरांपुढे ठेवते, डोकेदुखीचा बामसुद्धा. ते हसतात, मी हसत नाही. दोन भीतींच्या मधली जागा अरुंद आहे आणि मला तिथेच राहायचं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर 'रिपोर्ट बरोबर आहे' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. कागद मागा. मागताना रागावू मात्र नका, नाहीतर पुढच्या खेपेला कागदही खोटा येईल.

एक गोष्ट राहिली. बोलता यायला लागल्यावर मी काष्टीला गेले. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी जुळवून जुळवून वाक्य तयार केलं होतं. "आई, तुझ्यावर आळ आला. काढा नव्हता. माझ्या गोळ्या होत्या. मी लपवल्या."

"म्हाइत हाय," ती म्हणाली.

"यांनी सांगितलं?"

"त्याच्या आधीच. मी आले त्याच आठवड्यात तुझ्या पर्शीत बगितल्या हुत्या. गुडघ्याच्या आसतील, आसं वाटलं हुतं. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं तवा ध्येनात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

आईने हातातली शेंग फोडली. "जावईबापू लई तापलं हुतं. त्यांचा राग कुनावर तरी पडनारच हुता. माझ्यावर पडला तर मी उठून काष्टीला आले. तू कुठं जानार हुतीस? तुला तर खाटंवरनं उठताबी येत न्हवतं."

तिच्या त्या गप्प राहण्याने डॉक्टर चार दिवस अंधारात चाचपडत राहिले, हे मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. मी शेजारी बसले आणि डाव्या हाताने शेंगा फोडायला लागले. तिने तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा माझ्या उजव्या हाताच्या बाजूला सरकवल्या.